बहिणीच्या गवताचा खोडवा

हे सांगायचं मी कित्येक वर्षं टाळलं. चहाच्या टपरीवर विषय निघाला की उठून जायचो. घरात निघाला तर जेवण आवरतं घ्यायचो. बायको होती तेव्हा तिने एकदा सरळ विचारलं, तर तिच्यावर खेकसलो. आता तीही नाही. गावात या गोष्टीचा विनोद झालेला आहे. ‘सुभेदारानं भैनीच्या गवताचा खोडवा धरला.’ लोक हसतात, आणि इतकी वर्षं मीही त्यांच्याबरोबर हसलो. तो विनोद खोटा आहे. खोटा आहे हे माहीत असलेला मी एकटाच जिवंत आहे, म्हणून लिहितो. कुणी कीव करू नये. कीव करणाऱ्या माणसांचा मला पहिल्यापासून राग येतो.

आमचं गाव वाळवा तालुक्यात, कृष्णेच्या काठाला. इथे ऊस सोडून दुसरं काही लावणारा माणूस एकतर शिक्षक असतो नाहीतर वेडा. मी फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त होऊन आलो आणि वडिलांचा ऊस सांभाळला. आम्ही दोघंच भावंडं. धाकट्या बहिणीचा नवरा महाबळेश्वरला एका हॉटेलात माळी होता. तिचा संसार तिथेच, हॉटेलच्या मागच्या खोल्यांत झाला. एकुलती मुलगी पुढे साताऱ्याला दिली.

वडील गेले तेव्हा बहीण विधवा झालेली होती. आमच्याकडची रीत अशी, की बाप गेला की बहिणी कचेरीत येतात, हक्कसोडपत्रावर सही करतात, भाऊ साडी नेसवतो आणि माहेर चालू राहतं. सही न करणाऱ्या बहिणीचं माहेर तुटतं. हे कुणी कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण सगळ्यांना माहीत असतं. मी साडी घेऊन ठेवली होती. हिरवी, जरीच्या काठाची.

ती म्हणाली, “साडी नगं दादा. वगळीकडंचा तुकडा माझ्या नावावर कर. जावयाच्या दारात मला ऱ्हायाचं न्हाई.”

वकील म्हणाला, कोर्टात गेली तर अर्धं द्यावं लागेल. म्हणून तो तुकडा दिला. ओघळीच्या कडेचा, मुरमाड, उसाच्या कामाचा नसलेला. दिला, आणि त्यानंतर भाऊबीजेला तिच्यापुढे पाटावर बसलो नाही. ती दर दिवाळीला ताट घेऊन दारात यायची. मी मळ्यात जाऊन बसायचो. बायको तिला चहा पाजून परत पाठवायची.

त्या तुकड्यावर तिने पत्र्याच्या दोन खोल्या बांधल्या आणि गवत लावलं.

जनावरांना घालायचं नव्हे. दिसायचं. महाबळेश्वरच्या बागेत नवऱ्याच्या हाताखाली शिकलेली विद्या. एक पंपास म्हणायचे ते, पुरुषभर उंच, वर दुधाळ तुरे. एक तांबडट, मऊ, झुबकेदार. त्याला ती कोल्ह्याचं शेपूट म्हणायची. एकाच्या पातीवर आडवे पिवळे पट्टे, त्याचं नाव तिने धामण ठेवलं होतं. आम्ही उभा जन्म हराळी आणि कुंदा खणून काढण्यात घालवलेली माणसं. शेतात गवत दिसलं की आमचा हात आपोआप खुरप्याकडे जातो. आणि ही बाई गवताची लागवड करत होती. जमीन ढिगाऱ्यासारखी उंच करून त्यावर एकेक ठोंब लावायची, कारण बुडात पाणी थांबलं की कुजतो म्हणे. पावसाच्या तोंडाला जुना ठोंब कुऱ्हाडीने फोडायची, मुळं छाटायची, त्याचे चार करायची. बियांवर येत नाही, आलं तर आईसारखं होत नाही, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. मला नाही. मी त्या बांधावरून जातच नव्हतो. पण ऐकायचो सगळं.

मला वाटलं होतं, दोन वर्षांत कंटाळेल. मग लग्नांत मांडवाला असले वाळलेले तुरे लावायची लाट आली. सांगलीहून, कोल्हापूरहून सजावटवाले टेम्पो घेऊन येऊ लागले. महाबळेश्वरच्या हॉटेलांतून ठोंबांना मागणी आली. टेम्पो माझ्या दारावरून जायचा. ड्रायव्हर हॉर्न वाजवून मलाच विचारायचा, “गवतवाल्या मावशींचं घर कुठं आलं?” तिच्या बापाच्या आणि माझ्या घरापुढे उभा राहून.

मी बोट दाखवायचो. तोंडाने कधी सांगितलं नाही.

त्या साली थंडीत ती पाटाच्या कडेला शेवाळावरून घसरली आणि तिचा खुबा मोडला. मिरजेला ऑपरेशन झालं. भाची साताऱ्याहून येऊन राहिली होती. बायकोने टोचून टोचून मला पाठवलं. गेलो तेव्हा भाची औषधं आणायला खाली गेली होती. खोलीत आम्ही दोघंच. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

मला बघून ती रडली वगैरे नाही. म्हणाली, “आलास व्हय. बरं झालं. गवात कापाया झालंया.”

“तुझी तब्येत काय, आन् गवात काय.”

“थंडी सरली की नवा फुटवा निघतोय दादा. त्याच्या आदी कापाया लागतंय. गडी लावू नगंस, गडी उसागत हाणतील. तू स्वता काप. आदी काठीनं बडव, आत साप असतोय. हाताला फडकी गुंडाळ, पात कापती. कमरेला दोरी आवळ, मंजे सगळा भारा एकठाव पडतोय. आन् ह्ये बघ.”

तिने माझा हात ओढून घेतला. तिच्या हाताला सुईची पट्टी चिकटवलेली होती. माझ्या हातावर तिने पंजा पसरला. अंगठा मनगटाच्या हाडावर, करंगळी जिथे फौजेत काटेरी तारेने फाटलेलं होतं त्या वणावर.

“येवढं ठिवायचं. इतभर. बुडाला हात लावायचा न्हाई. जाळायचं न्हाई. आन् फुटवा दिसंपतूर पाणी पाजायचं न्हाई. कळलं का?”

“हुकूम कळतो मला. फौजेत होतो.”

ती हसली आणि लगेच कळ आली म्हणून तिने डोळे मिटले. “तुज्याबिगर कुणाला सांगू,” म्हणाली, आणि झोपली.

मिरजेहून परत येताना माझ्या मनात वाईट काही नव्हतं. हेही खरं आहे म्हणून लिहितो, स्वतःची बाजू मांडायला नाही.

त्या वर्षी कारखान्याची तोड लांबली होती. माझ्या वरच्या वावरातला ऊस गेला होता. खालचा उभाच होता आणि त्याला तुरा आला होता. बाहेरच्या माणसाला उसाचा तुरा छान दिसतो, फोटो काढतात. आम्हाला तो बघवत नाही. तुरा आला की ऊस वाढायचा थांबतो, आतून पोकळ होत जातो, वजन घटतं. रोज सकाळी दारात उभं राहिलं की समोर माझं पांढरं नुकसान डोलायचं, आणि त्याच्या पलीकडे, ओघळीला, तिचे पांढरे तुरे.

टपरीवर चौघं-पाचजण होते. मी बसलो तसा एकजण म्हणाला, “काय सुभेदार, औंदा तुरा झकास आलाय की!”

“तोड कवा हाय?” दुसरा.

“तोड कशाला पायजे? भैनीच्या टेम्पोत भरा. तिच्या तुऱ्याला लय मागणी हाय.”

“व्हय की. ऊस बी गवातच. नवरीच्या डोसक्यामागं लावत्याल.”

“सुभेदार, आक्कास्नी इचारा, त्यास्नी भाव म्हाईत असंल. तुमी आपलं त्येंच्या हाताखाली...”

वाक्य पुरं करायची गरज नव्हती. सगळे हसले. टपरीवालाही, ज्याला मी उभं राहायला जागा दिली होती. मी अर्धा ग्लास तसाच ठेवून उठलो.

त्या माणसांना मी आजही तोंडावर शिव्या देऊ शकतो. पण कोयता त्यांनी उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या तुकड्यात गेलो. इथे खोडवा म्हणजे काय ते सांगावं लागेल. ऊस तुटून गेला की उरलेले बुडखे जमिनीलगत, अगदी मातीत कोयता घालून छाटायचे, वाळलेल्या पाल्याचं पाचट पेटवायचं आणि पाटाचं पाणी सोडायचं. मग जमिनीखालच्या डोळ्यांतून नवा ऊस फुटतो. तो खोडवा. आमच्या भागातला माणूस झोपेतही हे करील. म्हणूनच गावाला पुढे काही शंका आली नाही.

मी काठीने बडवलं. हाताला फडकी गुंडाळली. कमरेला दोरी आवळली. इथपर्यंत सगळं तिने सांगितल्याप्रमाणे. मग खाली बसलो आणि कोयता मातीत घातला.

पहिल्या ठोंबाला मी क्षणभर थांबलो होतो. मनगट समोर होतं, वण समोर होता. बरोबर कुठे कापायचं ते मला दिसत होतं. मी त्याच्याखाली कापलं. मग दुसरा, तिसरा. हात चालायला लागल्यावर बरं वाटत होतं. कोल्ह्याची शेपटं, धामण, सगळं. नंतर वरच्या वावरातलं पाचट गाडीतून आणलं. तिचं कापलेलं गवत पुरेसं होतं पेटायला. माझं पाचट आणायची काही गरज नव्हती. ते मी आणलं. प्रत्येक बुडावर ढीग रचला आणि काडी लावली.

शेजारच्या रानातली म्हातारी वैरण घेऊन चालली होती. धुरात डोळे चोळत म्हणाली, “आवं सुभेदार, खोडवा हाय व्हय त्यो?”

“गवात ते गवातच,” मी म्हणालो.

ती हसत गेली आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं. सुभेदारानं भैनीच्या गवताचा खोडवा धरला. मला पांघरूण आयतंच मिळालं. राख गार झाल्यावर मी पाट फोडून पाणी सोडलं आणि रात्रभर सोडून ठेवलं.

बहीण उन्हाळा लागल्यावर परत आली. भाचीने गाडीतून उतरवलं, हातात चार पायांची काठी दिली आणि सामान घेऊन आत गेली. मी बांधावर उभा होतो. बोलणी खायची तयारी करून आलो होतो. उत्तरंही तयार होती. जमीन माझ्या बापाची, टेम्पो माझ्या दारावरून जातो, भाऊ म्हणून कधी विचारलंस का, असलं बरंच.

ती सरळ एका काळ्या वर्तुळापाशी गेली, काठीचा पाय आत खुपसला. बूड लोण्यासारखं फुटलं आणि आंबट वास आला. ती दुसऱ्याकडे गेली. तिसऱ्याकडे. फार वेळ लागला, तिला चालता येत नव्हतं. मग माझ्याकडे वळली. तिच्या तोंडावर राग नव्हता. ती काहीतरी आठवत होती.

“दादा, मी तुला इतभर ठेव म्हणलंतं का? का नुसतंच काप म्हणलंतं?”

मी तिच्याकडे बघितलं. एवढा वेळ तयार केलेल्या उत्तरांत याचं उत्तर नव्हतं. पण ते लगेच आलं.

“नुसतं काप म्हणालीस.”

“आसं?”

“व्हय. काप म्हणालीस आन् झोपलीस. मला काय कळतंय तुझ्या गवतातलं? उसाचं कळतं ते केलं.”

ती काठीवर वाकून उभी राहिली. म्हणाली, “मग माजंच चुकलं. भूल उतरली नव्हती माजी.” आणि घराकडे वळताना, “तू नगं वाईट वाटून घेऊ.”

गवत मेलं हे एक. पण मी मारलेलं दुसरं काही होतं आणि ते त्या दिवशी बांधावर मारलं. त्यानंतर तिचा स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास गेला. टेम्पोवाले आले तर ती स्वतःहून सांगायची, “माज्याच चुकीनं गेलं. दादाला नीट सांगाया पायजे व्हतं.” चूल बंद केली का हे तीनदा बघायची. भाचीशी फोनवर बोलताना म्हणायची, “मी तुला ह्ये मागं सांगितलंय का गं? का आपलं मला वाटतंय?” सजावटवाल्यांनी नवे ठोंब आणून देऊ केले. ती नको म्हणाली. म्हणाली, आता मला भरोसा वाटत न्हाई, काय करीन आन् काय सांगीन.

पाऊस लागायच्या आधी तिने तुकडा परत माझ्या नावावर करायची सही केली. आपण होऊन. कचेरीबाहेर मी तिला साडी दिली, तीच, हिरवी. तिने ती कपाळाला लावली. भाचीच्या नजरेला नजर द्यायची मी टाळली. मग ती साताऱ्याला जावयाच्या दारात राहायला गेली. तिला जायचं नव्हतं तिथेच.

मी खोल्या पाडल्या आणि तुकड्यात ऊस लावला. तो नीट आला नाही. मुरमाड जमीन, येणारच नव्हता. भांगलताना, तण काढताना, पाटाच्या तोंडाशी, कडेच्या खाली, माझ्या हाताला करवतीसारखं काहीतरी लागलं आणि रक्त आलं. तिने माती धरून ठेवायला तिथे एक पंपास लावला होता. रांगेबाहेर होता म्हणून माझ्या नजरेतून सुटला होता. मी कोयता उचलला. का टेकवला ते मला अजून सांगता येत नाही. पश्चात्ताप झाला असं लिहिणं सोपं आहे, पण तेव्हा मला फक्त राग आला होता. एवढं करून हा राहिलाच कसा.

तो काढून गोठ्यामागे लावला. त्या गवताने मला छळलं. मी सवयीने युरिया टाकला, तर लांबलचक पाती काढून दारुड्यासारखं आडवं पडलं. पाणी जास्त झालं तर मधून पिवळं. ऊन कमी तर तुरा नाही. जागा बदलली, ढिगारा केला, खत बंद केलं, तेव्हा सरळ झालं. प्रत्येक गोष्ट ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची ते मला आठवायचं आणि मी गोठ्यामागे एकटा चरफडायचो. थंडी सरताना कापायची वेळ आली. माझी वीत तिच्यापेक्षा मोठी. म्हणून मी मनगटापासून वणापर्यंत एक काठी मापून तोडली आणि ती लावून कापलं. आजही कापतो. ती काठी गोठ्याच्या आढ्याला खोचलेली असते. ज्याला काही सांगितलंच नव्हतं त्या माणसाजवळ असली काठी कशी असेल?

दोन-तीन वर्षांनी ठोंब फोडण्याइतका झाला. एक तुकडा कुंडीत रुजवला, त्याला तुरा आल्यावर पोत्यात घालून एसटीने साताऱ्याला गेलो. कऱ्हाडपासून वाक्य घोकत होतो. साधंच होतं.

भाचीने दार उघडलं. “मामा, आता कशाला आलाय? तिच्याकडं आता द्यायला काही राहिलं नाही.”

तिचं बरोबर होतं. मी पोतं घेऊन आत गेलो. बहीण गॅलरीत खुर्चीवर होती. मी कुंडी पुढे ठेवली. तिने तुऱ्यावरून उलटा हात फिरवला, बुडाशी बोट घालून ओल बघितली. हात सगळं विसरले नव्हते.

“कुठनं आणलास?”

वाक्य तोंडात होतं. फक्त ‘तुझाच हाय’ म्हणायचं होतं, पुढचं आपोआप आलं असतं.

“नर्सरीतनं,” मी म्हणालो.

“ग्वाड हाय. निगा चांगली राखलीया कुणीतरी.” मग ती माझ्याकडे बघून ओशाळं हसली. “दादा, ह्ये इतभर ठिवून कापत्यात न्हवं? का कसं असतंय? मला आताशा नीट याद न्हाई.”

भाची स्वयंपाकघरातून ओरडली, “आई, तुला काही आठवत नाही, तू नको सांगू त्यांना. मागं सांगितलंस ते पुरे झालं.”

बहिणीने मातीचं बोट पदराला पुसलं. 

“बघतो कुणाला तरी इचारून,” म्हणालो, चहा घेतला आणि दुपारच्या गाडीने परत आलो. येताना तिच्यावरच चिडलो होतो. ती मला शिव्या देती, तर मला बोलता आलं असतं. तिने माझ्यावर विश्वास ठेवायलाच नको होता. असा मी माणूस.

पुढच्या पावसाळ्यात ती गेली. मी पोचलो तेव्हा तिरडी बांधत होते. लोकांसमोर काय बोलणार?

परवा भाचीचा फोन आला. कुंडीतलं गवत वाढून गॅलरीत मावत नाही, खाली बागेत लावायचंय, कापायचं कसं ते नर्सरीवाल्याचं नाव सांगा, त्याला विचारते. “आईला विचारून उपयोग नव्हता,” म्हणाली. “तिच्या ध्यानात काही राहायचंच नाही.”

मी तिला म्हणालो, लिहून पाठवतो. हे तिच्यासाठी लिहिलंय. तुझ्या आईच्या ध्यानात सगळं होतं. काठी टपालाने येईल, ती लावून काप. हे वाचल्यावर तू माझं तोंड बघणार नाहीस, ते ठीक आहे.

पण हे तुला सांगून भागत नाही. जिला सांगायचं होतं तिच्यासमोर मी दोनदा उभा राहिलो, एकदा बांधावर आणि एकदा गॅलरीत, आणि दोन्ही वेळा खोटं बोललो. कऱ्हाडपासून साताऱ्यापर्यंत घोकलेलं ते वाक्य तसंच राहिलं:

बाय, तू इतभरच म्हणाली व्हतीस. मी ऐकलं व्हतं. चुकलं माजं.